दहा मिनिटांची लाईट

आमच्या रोह्याच्या घरात कॉम्प्युटरच्या टेबलामागे भिंतीवर एक प्लग आहे. त्यात बाजारातली कुठलीच पिन बसत नाही. भोकं तीनच, गोल, पण त्यांच्यातलं अंतर असं तिरपागडं की इस्त्री म्हणू नका, टीव्ही म्हणू नका, काही लागत नाही. रंग द्यायला आलेला माणूस दर वेळी विचारतो, "शेठ, हा मेलेला प्लग काढून टाकू?" मी नको म्हणतो. मग तो प्लगच्या कडेकडेने ब्रश फिरवतो.

ज्यांनी तो बसवला ते पेणचे. मी त्यांना काका म्हणायचो. पेणमध्ये सगळेच त्यांना बॅटरीवाले काका म्हणत. ते मात्र मला शेठ म्हणायचे. मी तेव्हा कसला शेठ? तहसील कचेरीच्या बाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज टाइप करणारा माणूस. धाटावच्या एका कंपनीने भंगारात काढलेला कॉम्प्युटर भांडून भांडून पदरात पाडून घेतलेला. पण माझा आवाज शेठचा होता, आणि तो काकांनी पहिल्याच भेटीत ऐकला होता.

नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. रोह्यात लाईट कधी जाईल याला काळवेळ नव्हता. मी लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांचे पेपर टाइप करायला घेतले होते. एका पत्रिकेत मी नवऱ्यामुलाच्या सात काकांची नावं चार वेळा टाइप केली आणि चारही वेळा लाईट गेली. पाचव्यांदा मी कीबोर्डवर मूठ आपटली. कोणीतरी सांगितलं, पेणला एक म्हातारा आहे, रेल्वेतून रिटायर झालाय, सिग्नलच्या बॅटऱ्या सांभाळायचा, तो हाताने इन्व्हर्टर बनवून देतो. तयार मालाच्या निम्म्यात. 'निम्म्यात' हा शब्द ऐकला आणि मी एसटीत बसलो.

काका ओट्यावर बसून ट्रान्सफॉर्मरला तांब्याची तार गुंडाळत होते. समोर दोन वाट्या. एकीत चिंचोके, दुसरी जवळजवळ रिकामी. शंभर वेढे झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "किती घेणार?" त्यांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. मला वाटलं, किंमत सांगताहेत. मी म्हटलं, "एक हजार? वेड लागलंय का? सहाशे देईन." ते ओठांनी मोजत राहिले. मी म्हटलं, "बरं, साडेसहाशे. बोला." त्यांनी तार खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे सगळी तार उलटी सोडवायला लागले.

"हे काय करताय?"

"तुमच्या साडेसहाशेत माझा आकडा हरवला. आता पयल्यापासून."

"अंदाजाने धरा की."

"अंदाजानं गुंडाळलेला तुम्हाला देऊ का? शंभर रुपये कमी घेतो."

मी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत त्या ओट्यावर बसून होतो. शेजारच्या बाई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मला दोनदा चहा दिला आणि एकदा म्हणाल्या, "बोलू नको हां, न्हायतर मुक्काम पडंल." आयुष्यात मी कुठलीही वस्तू सांगितलेल्या भावाला घेतलेली नाही. ती एक घेतली.

पण नुसते पैसे दिले म्हणून काका वस्तू देत नसत. आधी घर बघायला यायचे. दिवा-रोहा शटलने रोह्याला आले, खांद्याला रेल्वेची जुनी खाकी पिशवी. घरात शिरले, कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही, माझ्या आईला विचारलं, "वैनी, लाईट गेली की हा काय करतो?"

आई म्हणाली, "बोंबलतो."

काका मनापासून हसले. मला म्हणाले, "ह्याला दहा मिनिटांची लाईट देऊ."

"दहा? मला दोन तास पाहिजे. काम करायचंय."

"काम करायला नाय द्यायची. काम आवरायला द्यायची. लाईट गेली की टक् वाजंल. हातातलं वाक्य पुरं करा, सेव्ह करा, बंद करा, चहा घ्या. दहा मिनिटं कुठल्याही माणसाला पुरतात. ज्याला पुरत नायत, त्याला दोन तास पण पुरत नायत."

मी खूप भांडलो. बॅटरी मोठी घाला म्हटलं, जास्त पैसे देतो म्हटलं. जास्त पैसे देतो असं मी म्हणणं ही केवढी गोष्ट, हे त्यांना कळलं नाही. बॅटरीच्या अंगावर त्यांनी पांढऱ्या रंगाने तारीख घातली, तो तिरपागडा प्लग भिंतीवर ठोकला आणि कॉम्प्युटरची पिन घासून घासून त्यात बसवली. "शेजारीपाजारी मॅच बघायला टीव्ही लावायला येतील," ते म्हणाले, "माणूस भिडेला बळी पडतो, शेठ. प्लगनं पडू नये."

मॅचच्या दिवशी शेजारी खरंच टीव्ही उचलून घेऊन आले. पिन बसेना. मी काकांना मनातल्या मनात दाद दिली. तोंडाने कधी दिली नाही.

काका बेने इस्रायल होते, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे बहुतेक लोक केव्हाच निघून गेले होते. पेणमध्ये बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली होती. बायको वारलेली, एकुलती मुलगी तिकडे इस्रायलमध्ये. ती दर पत्रात बोलवायची. काका सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे आणि स्वतःच त्यावर हसायचे, "तिकडं लाईट जात नाय हो. मी जाऊन करू काय? इथं लाईट गेली की चार माणसं मला हाक मारतात."

शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत ते बटणाला हात लावत नसत. ना तार, ना बॅटरी, ना बिडी. शेजारच्या पापडवाल्या बाई येऊन त्यांचा दिवा लावून जायच्या. "आमचे आजे शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे," ते म्हणत, "मी करंट बंद ठेवतो." त्या दिवशी लाईट गेली तर ते अंधारात ओट्यावर पांढऱ्या कपड्यांत बसून राहायचे. त्यांच्या स्वतःच्या घरात इन्व्हर्टर नव्हताच. मी एकदा विचारलं, लोकांना करून देता, स्वतःला का नाही? म्हणाले, "माझ्याकडे सेव्ह करण्यासारखं काय हाय, शेठ?"

मी ते विनोद म्हणून लोकांना सांगत असे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते शटलने यायचे. बॅटरीची झाकणं उघडायची, काचेच्या नळीने आतलं पाणी ओढून उजेडात धरायचं, रेघेपर्यंत बाटलीतलं पाणी घालायचं, झाकणं पुसून लावायची. रेल्वेत तीस वर्षं हेच केलं होतं. मग आईच्या हातचा चहा, आणि दोघांच्या गप्पा. माझी आई वडखळच्या पलीकडची, खारेपाटातली. तिचं माहेर मिठागरावर. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशा गावात ती वाढली. गोड्या पाण्याच्या एका हंड्यासाठी ती लहानपणी दोन मैल चालायची. रोह्यात नळ आहे, विहीर आहे, तरी शेवटपर्यंत तिने पाणी सांडू दिलं नाही. घरात आलेल्या माणसाला आधी तांब्याच्या हंड्यातलं पाणी, मग बाकीचं. काका पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी घ्यायचे.

भांडण झालं ते पाण्यावरूनच. काका त्या बाटलीचे पैसे घ्यायचे. फार नाही, किरकोळ. पण मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"पाण्याचे पैसे? काका, कुंडलिका वाहतेय गावातून!"

"हे पिण्याचं पानी नाय, शेठ. वाफेचं असतं. ह्याच्यात काय नसतं."

"काय नसतं तर पैसे कशाचे?"

"काय नसतं त्याचेच."

आई आतून हसली. त्यामुळे मी जास्तच भडकलो. म्हटलं, दर महिन्याला यायची काही गरज नाही, बिघडलं तर बोलवीन. आणि आईवर ओरडलो, की घरात पाण्यावर एक पैसा जाता कामा नये, कोणी मागवलं तर माझ्याशी गाठ आहे. काकांनी जाताना अर्धी बाटली कोपऱ्यात ठेवली आणि आईला म्हणाले, "वैनी, रेघेच्या खाली गेलं की ह्यातलं घाला. ह्यातलंच. संपलं की निरोप पाठवा."

ते मी ऐकलं होतं. लक्षात ठेवलं नाही.

आठ-नऊ महिने गेले. माझं नाव झालं. हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखानदाराने मला मोठं काम दिलं. त्याच्याकडे दीडशेच्या वर साचे होते. प्रत्येक मूर्तीचं नाव, उंची, बैठक, हातात काय, उंदीर कुठे, रंग किती, असं सगळं पुस्तकासारखं छापून त्याला मुंबईच्या व्यापाऱ्यांना द्यायचं होतं. व्यापारी नोंदणीला यायच्या आधी. मी तीन आठवडे बसून होतो. दर आठवड्याला हमरापूरला जायचो, कच्च्या मूर्तींच्या रांगांमधून फिरून वहीत लिहून आणायचो, घरी येऊन टाइप करायचो. फ्लॉपीवर उतरवणं मी शेवटच्या दिवसावर ठेवलं होतं. नवी फ्लॉपी विकत घ्यावी लागली असती.

शुक्रवारी दुपारी शेवटचं पान चाललं होतं. लाईट गेली, टक् वाजलं. मी घाबरलो नाही. दहा मिनिटं होती ना माझ्याकडे! हातातलं वाक्य पुरं केलं. पुढचंही एक केलं. मग सेव्ह दाबलं, आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असतानाच पडदा आक्रसत आक्रसत एक ठिपका झाला आणि गेला. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. लाईट आल्यावर फाइल उघडली तर तीन आठवड्यांच्या गणपतींच्या जागी नुसते चौकोन आणि फुल्या.

कारखानदाराला दिलेली तारीख सोमवारची होती. ते काम गेलं. पुढचं सगळं पेणच्या एका दुकानाकडे गेलं.

शनिवारी सकाळी मी पेणला पोचलो. काका ओट्यावर पांढऱ्या कपड्यांत बसले होते. शेजारच्या बाई पापड पसरत होत्या. गल्लीत माणसं होती.

"शेठ! बसा. पानी घ्या."

"बसायला नाही आलो. उठा. रोह्याला चला. दोन मिनिटांत मेली तुमची बॅटरी."

त्यांचा चेहरा उतरला. "दोन मिनिटांत? असं व्हायचं नाय."

"झालं! चला."

"आज शनवार, शेठ. उद्या पयल्या गाडीनं येतो."

"माझं तीन आठवड्यांचं काम बुडालं आणि तुम्ही मला वार सांगताय?"

"गेलेलं आज येणार नाय. उद्या पण येणार नाय. पण मी उद्या येतो."

हे ते शांतपणे म्हणाले. मला तो शांतपणाच सहन झाला नाही. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण विसरायचा प्रयत्न मी पुष्कळ केला आहे. मी म्हटलं, "तुमचं काय जातंय! आज ना उद्या विमानात बसून पोरीकडे जाल. इथला माणूस बुडाला काय नि तरला काय. तुमचं इथं आहेच कोण?"

पापडवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "तोंड आवर रे. कोनाला बोलतोस?"

काका बाईंना म्हणाले, "असू दे गो. ह्यांना पानी दे. उन्हाचे आलेत."

मी पाणी न पिता निघालो. खारेपाटातल्या बाईच्या मुलाने कुणाच्या दारातलं पाणी नाकारायचं नसतं. तेवढंही मला सुचलं नाही.

रविवारी पहिल्या शटलने ते आले. बॅटरीपुढे मांडी घातली, झाकणं उघडली, नळीने पाणी ओढलं, खिडकीशी धरलं. गढूळ, भुऱ्या रंगाचं होतं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बाटलीवर गेली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. त्यांनी बूच काढलं, दोन थेंब तळहातावर घेतले, जिभेला लावले. मग मान वर करून त्यांनी माझ्या आईकडे बघितलं. आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने नजर खाली घातली.

हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मला वाटलं, म्हातारा सबब शोधतोय.

"काय झालंय?" मी विचारलं.

त्यांनी झाकणं पुसून लावली. मग म्हणाले, "चूक माझी, शेठ. बॅटरीच खराब दिली गेली."

आता इथे मी थांबायला पाहिजे होतं. पण मी सौदेबाज माणूस. समोरचा एक पायरी उतरला की मला दोन दिसतात. मी त्यांना म्हटलं, "हे बाहेर येऊन सांगा." शेजाऱ्यांना हाका मारायला अंगणात गेलो. जरा वेळाने काका बाहेर आले, तीन-चार माणसांसमोर उभे राहिले आणि पुन्हा म्हणाले, "चूक माझी." पुढच्या रविवारी नवी बॅटरी आणून बसवली. पैसे मी देऊ केले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत. आणि नंतर पुन्हा दर महिन्याला यायला लागले, स्वतःच्या खर्चाने, पाण्याची बाटली घेऊन. मी लोकांना सांगायचो, "कसा सरळ केला!"

आणि मी फार लोकांना सांगितलं. पेणच्या झेरॉक्सवाल्याला, एका डॉक्टरला, नागोठण्याच्या एका मास्तरांना. हे सगळे काकांचीच गिऱ्हाईकं. "त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं," असं म्हटलं की समोरचा विचारात पडायचा. कंपन्यांचे तयार यूपीएस तेव्हा बाजारात यायलाच लागले होते. लोकांना निमित्त हवं होतं, ते मी दिलं. माझ्यामुळेच सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण झेरॉक्सवाल्याच्या दुकानात मी नवा यूपीएस बघितला, तेव्हा तो मला म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलो." मी तेव्हा खूश झालो होतो.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर काका आले ते पाण्याचे दोन मोठे कॅन घेऊन. "हे बरेच दिवस पुरंल," आईला म्हणाले. आई आत गेली आणि तिच्या भावाच्या मिठागरावरच्या मिठाची पुरचुंडी घेऊन आली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, पिशवीत तळाशी ठेवली आणि म्हणाले, "शुक्रवारच्या प्रार्थनेला पावाबरोबर लागतं. आता तिकडं पण हेच." आई पदर डोळ्यांना लावून उभी. मी कॉम्प्युटरवर होतो. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी चाललंय. ते मुलीकडे इस्रायलला गेले हे मला महिन्याभराने पेणच्या बाजारात कळलं, पापडवाल्या बाईंकडून. त्यांनी मला नुसतं सांगितलं, आणि पापड दाखवायला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

कॅन दोन वर्षं पुरले. ते संपले तेव्हा मी बॅटरीच्या पाण्यासाठी एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीशी सवयीप्रमाणे घासाघीस केली. तो वैतागून म्हणाला, "शेठ, दोन रुपयांसाठी विहिरीचं घालाल, तर बॅटरी जाईल. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. प्लेटी खातात. वरून पाणी भुरं दिसायला लागतं."

मला तेव्हाही काही कळलं नाही. जेवताना मी आईला गंमत म्हणून सांगितलं, की लोक किती मूर्ख असतात, बॅटरीत विहिरीचं पाणी घालतात, मग ते भुरं होतं.

आईचा वाढणारा हात थांबला.

"भुरं व्हतं पानी?"

"कोणतं पाणी?"

"त्या टायमाचं. काकांनी बघितलेलं." तिने पळी भांड्यात ठेवली. "मीच घातलेलं. त्यांची बाटली संपली. तू वरडला व्हतास, मंग कसा निरोप धाडू? आनि तहानलेलं कसं ठेवू त्याला? विहिरीचं पानी उकळलं, फडक्यातून तीनदा गाळलं, हंड्यात निवत ठेवलं, मंग त्यांच्याच बाटलीत भरलं. घरातलं सगळ्यात चांगलं पानी घातलं मी त्याच्यात."

मी उठलो. ताट सरकलं. मला आठवतंय, मी किती जोराने बोलत होतो, कारण समोरच्या घराची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. "मला सांगितलं का नाहीस? त्या माणसाने मला का नाही सांगितलं? चार माणसांसमोर खोटं बोलला तो! मला गावभर खोटं बोलायला लावलं! मी काय वाघ होतो? खाल्लं असतं तुम्हाला?"

आईने मला सगळं बोलू दिलं. मी दमलो तेव्हा ती म्हणाली, "म्हनूनच नाय सांगितलं."

त्या रविवारी मी अंगणात शेजाऱ्यांना हाका मारत होतो, तेव्हा आत आईने काकांना म्हटलं होतं, मी सांगते त्याला, माझं चुकलं. काका म्हणाले, "नको वैनी. तुम्हाला ह्या घरात राहायचंय. मी सकाळच्या गाडीनं आलो, संध्याकाळच्या गाडीनं जाईन."

माझी तक्रार अजून आहे, आणि ती मी सोडणार नाही. मला सांगायला हवं होतं. मी ओरडलो असतो, दिवसभर ओरडलो असतो, पण मग संध्याकाळी गप्प झालो असतो. मला ती संधी दोघांनीही दिली नाही. मला वाचवायचं म्हणून नाही, एकमेकांना माझ्यापासून वाचवायचं म्हणून. आपल्याच घरात आपल्याला अशा हिशेबात धरलंय हे माणसाला कळलं, की त्याने काय करायचं?

मी पेणला गेलो. काकांच्या घरात दुसरं कोणी राहत होतं. पापडवाल्या बाईंकडे पत्ता होता. त्यांनी तो सहजी दिला नाही. मी ओट्यावर बसून राहिलो, दोन तास, एक शब्द न बोलता. मग त्यांनी आत जाऊन एक जुनं पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. आणि पाणी दिलं. मी ते सगळं प्यायलो.

पत्र हाताने लिहिलं. कॉम्प्युटरवर लिहायला धजलो नाही. चार वेळा फाडलं. माफी मागायला बसायचो, आणि चौथ्या ओळीत माझी तक्रारच सुरू व्हायची, की तुम्ही मला सांगायला हवं होतं. शेवटी जे गेलं त्यात दोन्ही होतं, निम्मं निम्मं. घासाघीस माझ्या हाडात आहे, ती तिथेही सुटली नाही.

उत्तर यायला तीन महिने लागले. एकच पान. बॅटरीवर तारीख घालायचे तशी मोठी, ठसठशीत अक्षरं. माझ्या माफीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. माझ्या तक्रारीबद्दलही नव्हता. वैनींना नमस्कार होता. त्यांनी दिलेलं मीठ अजून आहे, शुक्रवारी काढतो, असं होतं. बॅटरीचं पाणी महिन्याला बघत जा, असं होतं. आणि शेवटी हे होतं:

"शेठ, इथं लाईट जात नाय असं मी म्हणायचो. मागच्या आठवड्यात गेली. सात मिनिटं. मी चपला घालून जिन्यात जाऊन उभा राहिलो. कोणी हाक मारली नाय."